कोल्ह्याचं लग्न

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या जपानी पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेले होते. लेणी बघून झाली, बसने आम्ही खाली टी-पॉइंटला आलो. पाहुण्यांमध्ये सगळ्यात वयस्कर होत्या त्या एका निवृत्त संचालकांच्या पत्नी, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्या बसच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थबकल्या. मी हातातली यादी तपासत होते, माझं लक्ष नव्हतं. खडे विकणारे एक भाऊ लांबून "मिरु दाके, मिरु दाके" म्हणत येत होते, म्हणजे "नुसतं बघा, नुसतं बघा". त्यांनी बाईंचा गुडघा बघितला आणि विकणं तिथंच थांबवलं. "आशि, दाइजोबु?" त्यांनी विचारलं, पाय ठीक आहे ना? आणि उत्तराची वाट न बघता दुकानातली प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली. बाई बसल्या. तेवढ्यात लख्ख उन्हात पाऊस सुरू झाला. पत्र्यावर टपटप वाजायला लागलं, तापलेल्या डांबरातून वाफ निघाली. बाईंनी खुर्चीतूनच तळहात बाहेर धरला, आभाळाकडे बघितलं आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्या, "कित्सुने नो योमेइरी."

"काय म्हणल्या ताई त्या? हे नाही ऐकलं कधी," भाऊंनी मला विचारलं. मी सांगितलं, "कोल्ह्याचं लग्न." ते माझ्याकडे बघतच राहिले. उन्हात पाऊस पडला की माझी आजी हेच म्हणायची. त्यांचीही म्हणत असणार. "तिकडं बी कोल्ह्याचंच लगीन?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले आणि बाईंकडे वळून म्हणाले, "ओनाजि! इंदो मो ओनाजि!" सारखंच, भारतातही सारखंच. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मग भाऊंनी मला विचारलं, "ताई, तुम्ही तर जपानला गेल्या असताल. तिकडचा पाऊस कसा असतो? हे लोक आले की पावसाचं लई बोलतात."

मी म्हणाले, "असतो आपल्यासारखाच."

तिथला पाऊस मी कधी पाहिलेलाच नाही.

परतीच्या वाटेवर सिल्लोड गेलं, फुलंब्री गेली, गाडीत सगळे झोपले, आणि मी ते एक वाक्य मनात घोळवत बसले. बावीस वर्षं मी या भाषेवर पोट भरते आहे. पावसाचे तिच्यातले कितीतरी शब्द मला येतात. धुक्यासारखा बारीक तो किरिसामे. वसंतातला हारुसामे. उन्हाळ्यात संध्याकाळी अचानक येऊन झोडपून जाणारा, आपल्या वळवाची आठवण करून देणारा युउदाची. शरद संपताना येणारी-जाणारी सर म्हणजे शिगुरे. पहिल्या थेंबांचा आवाज पोत्सु-पोत्सु, शांत पडत राहणाऱ्याचा शितो-शितो, कोसळणाऱ्याचा झा-झा. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला फार आनंद होतो. आणि कोणी साधं विचारलं, कसा असतो, तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

आमचं घर वाईचं. वडील शाळेत भूगोल शिकवायचे आणि रात्री शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं शोधायचे. रेडिओ जपानची हिंदी सेवा त्यांची आवडती. खरखर, शिट्टी, मध्येच दुसऱ्याच कुठल्या देशाचं गाणं, आणि त्या सगळ्यातून वर येणारा एक शांत आवाज. कार्यक्रम कसा ऐकू आला हे लिहून पाठवलं की तोक्योहून कार्ड यायचं. ते कार्ड पोस्टमन आमच्या दारात न टाकता हातात द्यायचा, कारण तिकीट त्यालाही बघायचं असायचं. मी ती तिकिटं ॲटलासमध्ये जपानच्या पानावर चिकटवायचे. पुढे पुढे समुद्र पूर्ण भरून गेला. मोठं होऊन काय करणार, असं कोणी विचारलं की मी "दुभाषी" म्हणायचे. तो शब्द मला वडिलांनी दिला होता. दुभाषी म्हणजे विमान, हॉटेल, दोन देशांची मोठी माणसं आणि त्यांच्या मध्ये खुर्चीवर बसलेली मी. त्या चित्रात मी नेहमी प्रवासातच असायचे. घरी असलेली मी मला दिसायचीच नाही.

पुण्याला आले आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. फर्ग्युसन रस्त्यावरची ती दगडी इमारत, संध्याकाळची बॅच, वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन इंजिनिअर, लग्न ठरलेली एक मुलगी. पहिल्या दिवशी सेन्सेईंनी फळ्यावर लिहिलं: आ इ उ ए ओ, का कि कु के को. काका म्हणाले, "ही तर बाराखडी." त्यांना वाटलं आपण काहीतरी बाळबोध बोललो, पण सेन्सेईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, बरोबर आहे. जपानी भिक्षू मंत्रांसाठी भारतातून गेलेली सिद्धम् लिपी शिकले आणि आपल्या अक्षरांचा क्रम त्यांनी तिच्यावरून लावला. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. यातल्या 'हा'च्या जागी जुन्या भाषेत 'पा' होता, 'सा'चा उच्चारही 'च'च्या जवळ जाणारा असावा असं मानतात. आता म्हणून बघा. आम्ही सगळ्यांनी म्हटलं: क, च, त, न, प, म, य, र, व. वाईच्या शाळेतल्या ओट्यावर पाटी घेऊन मी जे म्हटलं होतं, ते कुठूनतरी फार लांबून फिरून परत आलं होतं. अंगावर काटा आला तो मला आजही आठवतो.

मराठी माणसाला जपानी लवकर येते असं आमच्या क्षेत्रात नेहमी म्हणतात आणि मला ते पटतं. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, अवघड आहेतच, रोजच्या वापराच्या यादीतच २१३६ आहेत; पण वाक्याची चाल आपली आहे. क्रियापद शेवटी, आणि 'ला', 'त', 'हून' आपल्यासारखेच नामाच्या मागून येणारे. त्याहून आत गेलं की खरी गंमत. 'शिते मिरु' म्हणजे शब्दशः 'करून बघणे', आणि अर्थही तोच. 'शिते ओकु' म्हणजे 'करून ठेवणे'. 'शिते शिमाउ' म्हणजे 'करून टाकणे'. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यांना यावर पानंच्या पानं वाचावी लागतात. मी वर्गात एकदा "चहा करून ठेव" म्हणते आणि पुढे जाते. आणि सगळ्यात मला जवळचं वाटतं ते घरातून निघतानाचं वाक्य. 'इत्तेकिमास', जाऊन येते. घरातलं माणूस म्हणतं, 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. नुसतं 'जाते' म्हणायचं नाही ही आपल्या आज्यांची शिकवण त्या भाषेनं रोजच्या रिवाजात बांधून ठेवली आहे. 'येते' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही म्हणून आईनं मला किती वेळा दारातून परत बोलावलं आहे.

भाषेनं मला नेलं ते मात्र चाकणला. आधी काही वर्षं घरी बसून मॅन्युअलचे अनुवाद. बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, कूलंट कधी बदलायचं. मग शॉपफ्लोअर. पहाटे सहाला कंपनीची बस, गारठा, सेफ्टी शूज, कटिंग ऑइलचा वास केसांत बसायचा तो दोनदा धुतला तरी जायचा नाही. तिथं माझ्याआधीच जपानी पोचलेली होती. गेंबा (प्रत्यक्ष कामाची जागा), काइझेन (सततची सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी सोय), मुदा (वाया जाणारं) हे शब्द लाइनवरची मुलं मिसळीइतक्या सहज बोलतात. शिरूर-खेडकडची पोरं पोका-योकेला नुसतं "पोका लाव" म्हणतात. माझं काम शब्दांच्या मधल्या जागेत होतं. पुरवठादार म्हणायचा, "होऊन जाईल साहेब." हे जपानीत कसं सांगायचं? होणार, असं सांगितलं तर समोरचा वहीत तारीख लिहितो. होईल बहुतेक, असं सांगितलं तर मी माझ्या माणसाला उघडं पाडते. तिकडून उत्तर यायचं, "चोत्तो मुझुकाशी", जरा कठीण आहे. त्याचा अर्थ नाही असा. आमच्या माणसाला वाटायचं, जराच कठीण आहे ना, मग जमवू. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि मध्ये उभ्या असलेल्या माझ्या पोटात गोळा यायचा. आता मी अशा वेळी थांबते आणि विचारते, तारीख कोणती धरू? ते विचारायचं धाडस यायला मला सहा वर्षं लागली.

दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून प्रथमपुरुषी बोलायचं असतं. समोरचा "मी" म्हणाला की मीही "मी"च म्हणायचं. त्यामुळे मी आयुष्यात काय काय बोलून गेले आहे. मी तीस वर्षं वेल्डिंग केलं. माझी मुलगी यंदा शाळेत जायला लागली. माझे वडील गेले तेव्हा मी इथं, भारतात होतो. हे शेवटचं वाक्य एका इंजिनिअरनं रांजणगावच्या एका धाब्यावर सांगितलं, आणि ते मराठीत आणताना माझा आवाज गेला. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, त्याच्याकडे नाही. त्याचं दुःख क्षणभर मी घेऊन टाकलं होतं. ते बरोबर होतं की चूक, मला अजून सांगता येत नाही.

चौतिसाव्या वर्षी जपानला गेले. अकरा दिवस, फेब्रुवारी, नागोयाजवळचा एक कारखाना, माझ्याबरोबर चौदा ऑपरेटर. जाताना वडिलांनी ॲटलास उघडून बोट ठेवलं आणि तिथली तिकिटं हळूच चाचपली. सकाळी पावणेआठची बस, दिवसभर ट्रेनिंग, संध्याकाळी अहवाल, रात्री मुलांना कोणाला पोटदुखी, कोणाला घरी फोन लावून हवा. दुभाषी झोपायला शेवटी जातो. थंडी कोरडी होती. पॅसिफिकच्या बाजूचा हिवाळा तसाच असतो, आभाळ निळं, बर्फ बहुतेक पलीकडे जपानच्या समुद्राकडे पडून जातं आणि इकडे येतो तो नुसता डोंगरावरचा वारा. त्याला तिथले लोक इबुकी-ओरोशी म्हणतात, इबुकी डोंगरावरून उतरणारा. ओठ फुटले. अकरा दिवसांत पावसाचा एक थेंब नाही.

एक रविवार मिळाला. त्यातला निम्मा अहवालात गेला. सकाळी तासभर मी हॉटेलच्या मागच्या गल्लीत चालत होते. बुटकी घरं, कुंड्यांमधले मुळे, वाळत घातलेल्या गाद्या, कुठूनतरी मिसो आणि भाजलेल्या माशाचा वास. एक आजी दारासमोरचा रस्ता झाडत होत्या. मी "ओहायो गोझाइमास" म्हटलं. त्यांनी झाडू थांबवून मला नीट बघितलं, परदेशी बाई, सकाळी सकाळी, एकटी, आणि म्हणाल्या, "इत्तेराश्शाइ." जाऊन ये. आपल्या गल्लीतून कामाला निघालेल्या पोरीला म्हणावं तसं. मी "इत्तेकिमास" म्हटलं, मान वाकवली आणि कोपऱ्यावर वळले. येताना दुसऱ्या रस्त्यानं आले, कारण उशीर झाला होता. 'जाऊन येते' म्हटलं होतं आणि मी त्या दारावरून परत गेलेच नाही. ही इतकी बारीक गोष्ट आहे की ती कोणाला सांगायलाही संकोच वाटतो. पण पावसाचा प्रश्न आल्यापासून ती वर आली आहे आणि खाली बसत नाही.

अजिंठ्याला त्या दिवशी एक नंबरच्या लेण्यात, पद्मपाणीच्या चित्रासमोर, बाई बराच वेळ उभ्या होत्या. मंद दिवा, गार दगड, वटवाघळांचा उग्र वास, आणि अंधारातून हळूहळू उमलत येणारं ते खाली झुकलेलं मुख, हातात निळं कमळ. बाई म्हणाल्या, होर्युजीच्या भिंतीवर याचाच भाऊ होता. नारा प्रांतातल्या त्या मंदिरातली भित्तिचित्रं २६ जानेवारी १९४९ ला आगीत करपली, आणि तीही चित्रांच्या प्रती करायचं काम चालू असताना. आपल्या प्रजासत्ताक दिनाची तारीख तिकडे वारशाचं आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळतात. मी हे आमच्या गाइडना मराठीत सांगितलं, तेव्हा त्यांनी अजिंठ्याच्या प्रतींची गोष्ट सुरू केली. ब्रिटिश लष्करातले चित्रकार मेजर गिल यांनी वर्षानुवर्षं इथं राहून केलेली चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात बहुतेक गेली. जे. जे.च्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या, त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या एका आगीत जळाल्या. मग शंभरेक वर्षांपूर्वी जपानहून चित्रकार अराई कंपो आणि त्यांचे सोबती आले, याच अंधारात बसून कागदावर रेघ रेघ उतरवली, ते सगळं तोक्योला नेलं, आणि १९२३ च्या भूकंपात तेही नष्ट झालं. बाईंनी डोळे मिटले आणि हात जोडले.

तेव्हा मला वाटलं होतं की ही माझ्या कामाची गोष्ट आहे. आम्ही बोलतो आणि ते हवेत जातं. आता वाटतं, माझं आणि त्यांचं सारखं नाही. कंपो अख्खे इथं होते. हात दुखला असेल, पाणी बाधलं असेल, खालच्या वाघूर नदीचा आवाज रात्री ऐकला असेल. प्रत गेली तरी ते दिवस गेले नाहीत. मी मात्र त्या भाषेच्या प्रत्येक खोलीत गेले आणि तिच्या अंगणात उभी राहिले नाही. हे कोणाचा दोष म्हणून सांगत नाही. मुलाच्या शाळेच्या वर्षांत परदेशी पोस्टिंग नाकारलं ते मीच, आणि तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. पण ज्याच्यासाठी भाषा शिकायला घेतली होती ते मागे राहिलं, आणि भाषा माझ्याकडे राहिली, एवढं खरं.

रविवारी सकाळी मी आता वर्ग घेते. पूर्वी आयटीतली मुलं यायची, आता नर्सिंग झालेल्या मुली येतात, बीडच्या, लातूरच्या. जपाननं २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा काढला, त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचं कामही येतं. "मॅडम, एन-४ झालं की जाता येतं ना?" हा पहिल्या तासाचा प्रश्न असतो. एन-४ म्हणजे जपानीच्या परीक्षेची एक पायरी. पालकही येतात. विमान, हॉटेल असलं चित्र त्यांच्या डोळ्यांत नसतं. पगार, हप्ते, धाकट्याची फी. मी त्यांना जमेल तेवढं खरं सांगते. रात्रपाळी असते, एकटेपणा असतो, म्हातारी माणसं पुस्तकातली भाषा बोलत नाहीत, त्यांची बोली कानाला लावून घ्यावी लागते. त्यातली एक मुलगी गेल्या वर्षी गेली. गेल्या जूनमध्ये तिनं फोनवर दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. काचेवरून ओघळणारं पाणी, बाहेर हिरवंगार भाताचं खाचर आणि चाकाच्या खुर्चीतल्या कोणा आजींचा आवाज, शब्द कळत नव्हते. खाली तिनं लिहिलं होतं, "मॅडम, त्सुयु लागला." मी तो आवाज कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐकला. हेवा वाटला, आणि ती तिथं एकटी आहे म्हणून काळजीही वाटली, दोन्ही एकाच वेळी.

त्सुयु म्हणजे तिकडचा पावसाळा. लिहिताना 'प्लम'चं चिन्ह आणि 'पावसा'चं चिन्ह, फळं पिकायच्या दिवसांतला पाऊस. होन्शू बेटावर जूनमध्ये लागतो, आपल्या मृगाच्या आसपास, आणि जुलैच्या मध्यानंतर उघडतो. त्या दिवसांत प्रवासी तिकडे जायचं टाळतात. चेरी फुलते तेव्हा जायचं, पानं लाल होतात तेव्हा जायचं. मी जूनचं दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढलं आहे, माझ्या पैशानं, दहा दिवस, कोणाचं बोलणं कोणाला सांगायचं नाही. नागोयाची ती गल्ली सापडेल का माहीत नाही. हॉटेलच्या मागची, कोपऱ्यावर मुळ्याच्या कुंड्या, एवढ्याच खुणा आहेत. आजी असतील असं धरून चालण्याचं माझं वय नाही. तरी त्या दारावरून एकदा जायचं आहे.

भाऊंनी त्या दिवशी निघताना मला एक खडा दिला होता, पैसे घेतले नाहीत. बाहेरून बटाट्यासारखा मळकट, आत जांभळट कण्या. तो माझ्या टेबलावर, शब्दकोशांच्या शेजारी आहे. दिवाळीनंतर पाहुण्यांची दुसरी तुकडी येईल तेव्हा पुन्हा अजिंठा होईल.

काल आईला सांगितलं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असते, ॲटलास तिच्या कपाटात आहे. "जूनमध्ये? तिथं तेव्हा काय असतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पाऊस. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठून तिनं माळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाबांची मोठी छत्री काढून ठेव. काड्या चांगल्या आहेत तिच्या अजून."